पूर आणि वस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जलविज्ञान, स्थापत्य, नगररचना आणि आपत्ती व्यवस्थापन या क्षेत्रांतली माणसं एखाद्या वस्तीबरोबर कामाला बसली की पहिल्या दोन-तीन बैठकांत हेच प्रश्न निघतात. खालची उत्तरं नदीकाठच्या गावाला लागू पडतील तशीच शहरातल्या सखल गल्लीलाही. दिलेले आकडे समजून घ्यायला आणि प्रश्न विचारायला पुरतात. बांधकामाचा नकाशा मात्र जागेवर मोजमाप करूनच काढायचा.

पूर येऊच नये असं काही करता येत नाही का?

नाही. तसं आश्वासन देणाऱ्याच्या कागदावर सही करण्याआधी थांबा. बांध असो, गटार असो की साठवण तळं, ते एका ठरावीक पाण्यासाठी बांधलेलं असतं आणि त्याहून जास्त पाणी कधी ना कधी येतंच. म्हणून कोणताही उपाय समोर आला की आधी एकच प्रश्न विचारायचा: याच्या मर्यादेपलीकडे पाणी आलं तर काय होईल?

हे लक्षात घेऊन काम तीन थरांत होतं. पाणी वस्तीपर्यंत कमी आणि उशिरा पोचावं हा पहिला थर. पोचलंच, तर माणसं आणि मोलाच्या वस्तू वाचाव्यात हा दुसरा. ओसरल्यावर घर, दुकान, दवाखाना लवकर सुरू व्हावा हा तिसरा, आणि पैसे वाटताना नेमका हाच विसरला जातो. शेजारशेजारच्या दोन घरांत सारखंच गुडघाभर पाणी शिरतं. एक आठवड्यात राहण्याजोगं होतं आणि दुसऱ्याला पाच-सहा महिने लागतात. फरक असतो तो गिलाव्याचा, वायरिंगचा आणि दारांच्या लाकडाचा.

नेदरलँड्ससारख्या देशालाही हे शिकायला वेळ लागला. १९५३ च्या समुद्री पुरात तिथे १८३६ माणसं गेली. त्यानंतर अनेक वर्षं भर होता तो बांध बळकट आणि उंच करण्यावर. १९९५ मध्ये नद्या इतक्या चढल्या की सुमारे अडीच लाख लोकांना हलवावं लागलं. तेव्हा नदीला जागा परत देण्याचा विचार पुढे आला. नाइमेखन शहरात वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे सरकवला आणि मधल्या जागेत नदीसाठी आणखी एक पात्र खोदलं.

या कामात कोणकोण लागतं? आधी कोणाला बोलवायचं?

किती पाऊस पडला तर किती पाणी येईल हे जलवैज्ञानिक सांगतो. ते पाणी कुठून, किती खोल आणि किती वेगाने जाईल हे जलगतिकीचा अभियंता काढतो. भिंत टिकेल का हे संरचना अभियंत्याचं काम, आणि कुठे बांधायचं नाही हे नगररचनाकाराचं. सार्वजनिक आरोग्यातली माणसं पाणी आणि सांडपाणी बघतात. कोण एकटं राहतं, कोण अंथरुणाला खिळलेलं आहे, कोणाला इशाऱ्याची भाषा कळत नाही, ही माहिती समाजकार्यकर्त्याकडे असते.

बहुतेक ठिकाणी आधी भिंत बांधणाऱ्याला बोलावतात, कारण भिंत डोळ्यांना दिसते. क्रम उलटा हवा. पाणी कुठून येतं हे कळल्याशिवाय भिंत कुठे घालायची हे कळत नाही.

‘शंभर वर्षांतला पूर’ नुकताच येऊन गेला. आता निदान आमची पिढी सुटली ना?

या शब्दप्रयोगाने जेवढा घोळ घातला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने घातला असेल. त्याचा अर्थ इतकाच, की एवढा किंवा याहून मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का आहे. पुढच्या वर्षी फासा पुन्हा नव्याने पडतो. ३० वर्षांचं गृहकर्ज घेतलंत तर तेवढ्या काळात असा पूर निदान एकदा गाठण्याची शक्यता साधारण २६ टक्के, म्हणजे चारात एक. १०० वर्षांत ती सुमारे ६३ टक्के होते. म्हणजे शंभर वर्षांत एकदाही न येण्याची शक्यतासुद्धा बरीच उरते.

दुसरी गोष्ट: हा १ टक्का जुन्या नोंदींवरून काढलेला असतो. नोंदी ३०-४० वर्षांच्याच असतील, वरच्या भागात नवी वस्ती झाली असेल किंवा पावसाचा नमुना बदलला असेल, तर आकडाही बदलतो. अहवालात तो दिसला की कोणत्या वर्षांच्या नोंदी वापरल्या ते विचारून घ्या.

पूरनकाशात आमची गल्ली कोरडी दाखवली आहे, पण पाणी तर येतं. नकाशा चूक की आम्ही?

बहुधा नकाशा. नकाशाचा पाया म्हणजे जमिनीच्या उंचीची माहिती. विमानातून लेसरने मोजलेल्या उंचीत साधारण १०-१५ सेंटिमीटरची चूक असते, ती चालते. जगभर फुकट मिळणाऱ्या उपग्रहाच्या माहितीत मात्र ही चूक काही मीटरांची असू शकते, कारण उपग्रहाला अनेकदा जमीन न दिसता झाडांचे शेंडे आणि छपरं दिसतात. त्यावरून गल्लीतलं गुडघाभर पाणी शोधणं म्हणजे फूटपट्टीवर रेषाच नसताना मिलिमीटर मोजणं. शिवाय कुंपणभिंती, रस्त्याची वाढवलेली उंची, तुंबलेली मोरी या गोष्टी नकाशात नसतातच.

इथे वस्तीने गोळा केलेल्या पूरखुणा फार मोलाच्या ठरतात. तज्ज्ञ त्यांच्याशी ताडून आपलं संगणकीय प्रारूप दुरुस्त करतात. खूण घ्यायची पद्धत अशी:

पाणी उतरल्यावर दोन-तीन दिवसांत निघा, पुढच्या पावसाने गाळाची रेघ धुऊन जाते. शक्यतो घराच्या आतल्या भिंतीवरची रेघ घ्या. बाहेरच्या भिंतीवर गाड्यांमुळे आणि प्रवाहामुळे लाटा आपटतात आणि रेघ खऱ्या पातळीच्या वर जाते. कुंपणाला अडकलेला काडीकचराही असाच फसवतो. रेघेच्या वरच्या कडेला पेन्सिलने आडवी खूण करा, शेजारी तारीख लिहा, मोजपट्टी लावून एक जवळचा आणि एक लांबचा फोटो काढा. मग ती उंची एखाद्या न हलणाऱ्या जागेशी जोडा, उदाहरणार्थ मंदिराची पायरी, पुलाचा कठडा किंवा शाळेचं जोतं. त्याला गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी पुरते. नळीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर दोन टोकांची पातळी जुळत नाही आणि दोष नळीऐवजी जमिनीला दिला जातो. पाणी सर्वांत वर किती वाजता होतं हे कोणाला आठवत असेल तर तेही लिहा. वेळ कळली की पाणी नदीकडून आलं की गटारातून, हे बऱ्याचदा उलगडतं.

नदी लांब आहे, तरी घरात पाणी कसं शिरतं?

ते पाणी नदीचं नसतं. पावसाचं पाणी गटारात मावेनासं झालं की ते रस्त्यानेच वाहतं आणि सखल भागात साठतं. हिशेब सोपा आहे. १० हेक्टरच्या भागावर तासाला ६० मिलिमीटरच्या जोराने पाऊस पडतोय असं धरा. गवताळ जमीन असेल तर साधारण ३० टक्के पाणी वाहून येतं, म्हणजे सेकंदाला ५०० लिटर. तिथेच छपरं, फरशा आणि डांबर झालं की ८० टक्के वाहतं, म्हणजे सेकंदाला १३०० लिटरच्या वर. पाऊस तोच, गटारही तेच.

नदी चढलेली असेल तर आणखी एक गोष्ट घडते. गटाराचं तोंड नदीत बुडतं, आतलं पाणी बाहेर पडत नाही आणि फुगवटा मागे सरकत वस्तीत येतो. तोंडावर झडप बसवली तर नदी आत येत नाही, पण तेवढा वेळ वस्तीतलं पाणीही बाहेर जात नाही. म्हणून झडपेच्या जोडीला साठवणीची जागा किंवा पंप लागतोच. झडप बसवून पंप विसरण्याची चूक जितकी सामान्य, तितकीच महागडी.

मग गटार मोठं केलं की झालं?

आधी आहे ते मोकळं करा. नळाचा व्यास निम्मा झाला की त्याच उतारावर त्याची वहनक्षमता निम्म्यावर न थांबता सहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरते. म्हणून मोठ्या नळांच्या रांगेत मध्येच एखादा लहान तुकडा राहिला, तर सगळ्या रांगेची किंमत त्या तुकड्याएवढीच. जुन्या रस्त्याखालची मोरी हा असा तुकडा ठरलेलाच.

मोरीच्या तोंडाला कचरा अडवणारी जाळी असेल तर ती कोण, कधी आणि कसं साफ करणार हे आधी ठरवा. उभी जाळी एका वादळी रात्रीत गाद्या, फांद्या आणि प्लास्टिकने बुजते आणि मग तिचंच धरण होतं. जाळी तिरकी हवी, तिचं क्षेत्रफळ मोरीच्या तोंडाच्या कितीतरी पट हवं आणि पाणी चढलेलं असतानाही वरून दाताळं चालवता येईल अशी उभं राहायची जागा हवी. जाळी बुजलीच, तर पाणी कोणत्या बाजूने वळेल, ते कोणाच्या घरात जाईल की मैदानात, हेही कागदावर दाखवलेलं असावं.

नदीकाठी बांध आहे. आता धोका नाही ना?

छोट्या पुरांपासून बऱ्यापैकी सुटका आहे. मोठा पूर बांधामुळे जास्त घातक होऊ शकतो, कारण बांध फुटला की पाणी भिंतीसारखं येतं. शिवाय बांधाच्या भरवशावर मागे वस्ती वाढलेली असते. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यातच हा धोका दाखवून दिला होता: संरक्षण दिलं की लोक आणि मालमत्ता तिथेच गोळा होते आणि एकूण नुकसान वाढतं.

बांध फुटायला पाणी वरूनच जावं लागतं असं नाही. २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या काही कालव्यांच्या पूरभिंती पाणी माथ्याच्या खाली असतानाच कोसळल्या. पायाखालची मऊ माती सरकली. मातीच्या बांधात उंदीर-घुशींची बिळं, वाळलेल्या झाडांच्या कुजलेल्या मुळ्या आणि बांधातून आरपार नेलेला एखादा नळ या तीन जागांतून पाणी वाट काढतं. नळाभोवतीची माती नीट धुमसलेली नसते. बांधावर हौसेने झाडं लावू नका. गवत राखा, ते नीट कापा, म्हणजे बिळं दिसतात.

पूर चढलेला असताना पहारा बांधाच्या कोरड्या बाजूने घालायचा असतो. पायथ्याशी जमिनीतून पाणी उसळताना दिसलं आणि त्याभोवती वारुळासारखी वाळूची छोटी रिंग जमत असेल, तर पाणी हातात घेऊन बघा. निवळ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल, वाळू येत असेल, तर बांध आतून पोखरला जातोय. अशा वेळी पहिला विचार येतो तो भोक बुजवायचा. तो घातक आहे. वर गोण्या टाकून तोंड बंद केलं की दाब शेजारीच दुसरं भोक पाडतो, तेही आपल्याला न दिसणाऱ्या जागी. त्याऐवजी भोवताली थोडं अंतर सोडून गोण्यांचं गोल कडं रचा. आत पाणी चढू द्या, तेवढा उलटा दाब तयार होतो. वाळू यायची थांबली आणि निवळ पाणी वाहू लागलं की उंची तिथेच ठेवा आणि पाण्याला एका बाजूने वाट द्या. बांधामागे राहणाऱ्या लोकांना हलवण्याचा निर्णय मात्र वाळू थांबण्याची वाट बघत लांबवू नका.

झाडं, तळी, ओढ्यात आडवे ओंडके: या नैसर्गिक उपायांनी खरंच फरक पडतो?

लहान पाणलोटात आणि लहान-मध्यम पुरात पडतो. इंग्लंडमधल्या पिकरिंग गावाच्या वरच्या अंगाला ओंडक्यांचे अडसर, झाडं आणि सुमारे १,२०,००० घनमीटरचा साठवण बांध केला. डिसेंबर २०१५ च्या पावसात पुराचा कळस त्यामुळे १५ ते २० टक्क्यांनी उतरला असा तिथला अभ्यास सांगतो. गावातली घरं त्या वेळी वाचली.

ओंडके रचताना नेहमीच्या प्रवाहासाठी खाली मोकळी जागा ठेवायची असते. ओंडका फक्त चढलेल्या पाण्याला अडवतो. तळाला टेकवला तर मागे गाळ साठतो, मासे अडतात आणि पूर येईपर्यंत साठवणीची जागा भरून गेलेली असते. दोन्ही टोकं काठात घट्ट गाडावी लागतात. सुटलेला ओंडका खालच्या पुलात जाऊन अडकला तर उपायच आपत्ती ठरतो. आणखी एक बारकावा: एका ओढ्याचं पाणी उशिरा सोडलं आणि ते नेमकं दुसऱ्या ओढ्याच्या कळसाला जाऊन मिळालं, तर खाली पूर वाढतो. म्हणून आधी संगणकावर करून बघा.

शहरातल्या पाझरत्या फरशा, शोषखड्डे, पावसाच्या बागा यांचंही असंच. रोजच्या पावसाला उत्तम. पण २० जुलै २०२१ रोजी चीनमधल्या झेंगझोऊ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसापुढे माती पाच-दहा मिनिटांतच हात टेकते. त्या दिवशी भुयारी रेल्वेत १४ जण बुडाले. अशा दिवशी गाडी कधी थांबवायची आणि स्थानक कधी बंद करायचं, हे आधी लिहून ठेवलेलं असावं लागतं.

घरात पाणी शिरू द्यायचं की अडवायचं?

हे खोलीवर ठरतं. पाण्याचा भिंतीवरचा जोर खोलीच्या वर्गाने वाढतो. भिंतीच्या दर मीटर लांबीवर ३० सेंटिमीटर पाण्याचा जोर साधारण ४५ किलो वजनाइतका असतो. ६० सेंटिमीटरला तो १८० किलो, १२० सेंटिमीटरला ७२० किलो. खोली दुप्पट, जोर चौपट. साधी विटांची भिंत वरून येणाऱ्या भारासाठी बांधलेली असते, बाजूच्या ढकलण्यासाठी नाही. म्हणून साधारण ६० सेंटिमीटरपर्यंत दाराला फळ्या लावून पाणी अडवणं शहाणपणाचं. त्यापुढे संरचना अभियंत्याने भिंत तपासलेली नसेल तर पाणी आत येऊ द्या. आत-बाहेर पातळी सारखी झाली की भिंतीवरचा जोर जवळजवळ संपतो.

अडवायचं असेल तर फक्त दार पुरत नाही. पाणी जाळीच्या विटांतून, वायर-नळांच्या भोकांतून, फरशीच्या सांध्यांतून आणि संडासातून येतं. दारावर हजारो खर्च करून नळाभोवतीचं दोन बोटांचं भोक उघडं ठेवलेलं तज्ज्ञांना नेहमी दिसतं. कितीही बंदोबस्त केला तरी झिरपतंच. म्हणून आत सर्वांत सखल जागी खड्डा करून पाणी खेचणारा पंप हवा, आणि तो वीज गेल्यावर चालला पाहिजे, कारण पुराच्या रात्री वीज जातेच.

येऊ द्यायचं ठरलं तर जोत्याखालच्या मोकळ्या जागेला पाण्यासाठी झरोके ठेवतात. अमेरिकेत वापरला जाणारा ठोकताळा दर चौरस मीटर क्षेत्राला साधारण ७० चौरस सेंटिमीटर उघडीप, निदान दोन वेगवेगळ्या भिंतींत, जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आत असा आहे. आत सिमेंटचा किंवा चुन्याचा गिलावा, सिरॅमिक फरशी, भरीव लाकडाची किंवा प्लास्टिकची दारं ठेवा. जिप्समचे बोर्ड आणि भुशापासून दाबून केलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगतात, त्या परत सपाट होत नाहीत. वायरिंग वरून खाली आणा, सॉकेट जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर घ्या आणि तळमजल्याचा वीजपुरवठा वेगळ्या स्विचवर ठेवा. म्हणजे खाली पाणी असताना वरच्या मजल्यावर दिवा लागू शकतो.

रिकाम्या टाक्या विसरू नका. हजार लिटरची रिकामी टाकी पूर्ण बुडाली तर जवळजवळ एक टन जोराने वर उचलली जाते आणि नळ तोडते. टाकी भरून ठेवा किंवा बांधा. जमीन पाण्याने तुडुंब असताना सेप्टिक टाकी उपसू नका, तीही अशीच वर येते.

वाळूच्या गोण्या किती लागतात आणि कशा रचायच्या?

लोकांना वाटतं त्याच्या कितीतरी पट. १०० फूट लांब आणि १ फूट उंच भिंतीला ६०० ते ८०० गोण्या लागतात. उंची २ फूट केली की त्या २००० च्या आसपास जातात, कारण उंचीबरोबर पायाही रुंदावा लागतो. पाया उंचीच्या तिप्पट धरा. दोन माणसं तासाला साधारण डझनभर गोण्या भरतात. या हिशेबाने पाणी दोन तासांवर असताना गोण्या भरायला बसण्यात अर्थ उरत नाही.

गोणी अर्धी ते दोन तृतीयांश भरा, गच्च नको. गच्च गोणी गोल होते आणि फटी राहतात. तोंड दुमडून त्याची घडी खाली घाला, विटांसारखे सांधे मोडत रचा, प्रत्येक थर पायाने दाबून बसवा. पाण्याच्या बाजूला प्लास्टिकचा कागद सैल अंथरा, ताणला तर फाटतो. पूर ओसरल्यावर या गोण्यांत सांडपाणी मुरलेलं असतं. ती वाळू मुलांच्या खेळात किंवा गिलाव्यात वापरायची नाही.

संडासातून पाणी उलटं येतं. ते कसं थांबवायचं?

घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये एकमार्गी झडप. ती हाताने उघडून साफ करता येईल अशी असावी. वर्षातून दोनदा तरी साफ करा, चिंधीचा एक तुकडा पाती उघडी ठेवायला पुरतो. झडप बंद असेपर्यंत घरातलंही पाणी बाहेर जाणार नाही, म्हणून तेवढा वेळ संडास आणि मोरी वापरायची नाही. हे न सांगता झडप बसवून गेलेल्या माणसाला घरमालक नंतर शिव्या घालतो, आणि त्या वाजवी असतात. ऐनवेळी काहीच नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली वाळूची गोणी भांड्यात दाबून बसवा.

इशारा मिळतो, तरी लोक निघत नाहीत. का?

कारण इशाऱ्यात बहुतेकदा नदीची पातळी सांगितलेली असते, माणसाने काय करायचं ते नसतं. ‘पातळी ७.२ मीटर’ ऐकून शेवटच्या गल्लीतल्या माणसाला काही कळत नाही. ‘शाळेच्या फाटकाशी पाणी आलं की दोन तासांत तुमच्या दारात येतं, आत्ता निघा’ हे कळतं. तज्ज्ञांचं खरं काम हे भाषांतर करण्याचं आहे. प्रत्येक पातळीसमोर कोणती गल्ली बुडते, कोण हलतं, कोण फोन करतं आणि किल्ली कोणाकडे, एवढं एका पानावर हवं.

दुसरं कारण वेळेचा हिशेब. समजा वरच्या मापकापासून वस्तीपर्यंत पाण्याला सहा तास लागतात. नोंद पोचायला अर्धा तास, अधिकाऱ्याला निर्णय घ्यायला दीड, संदेश फिरायला एक आणि म्हाताऱ्या माणसांना हलवायला दोन. उरला एक तास, आणि अंधार पडला तर तोही नाही. यांतला सर्वांत सहज वाचणारा वेळ निर्णयाचा. अमुक पातळी गाठली की कोणालाही न विचारता भोंगा वाजवायचा, असं आधी ठरवलं तर तो दीड तास जवळजवळ पूर्ण वाचतो.

जुलै २०२१ मध्ये जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात १३० हून जास्त माणसं गेली. मोठ्या पावसाचे अंदाज आधी उपलब्ध होते, ते वेळेवर हलण्यात उतरले नाहीत. त्याच पुरात झिंत्सिग इथे अपंगांच्या निवासगृहाच्या तळमजल्यावर १२ जण बुडाले. म्हणून यादी करताना सुरुवात घरांपासून न करता ज्यांना स्वतःहून जिना चढता येत नाही त्यांच्यापासून करतात. प्रत्येकाच्या नावापुढे दोन शेजाऱ्यांची नावं असावीत, एकच नाही, कारण तो एक शेजारी नेमका गावाला गेलेला असतो.

पाणी गुडघ्यापर्यंतच आहे. चालत किंवा गाडीने गेलं तर?

खोली एकटी बघू नका, वेगही बघा. मीटरमधली खोली आणि सेकंदाला मीटरमधला वेग यांचा गुणाकार करतात. मुलांसाठी ०.४ आणि धडधाकट प्रौढांसाठी ०.६ ही मर्यादा ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शनात दिलेली आहे. ०.८ च्या पुढे प्रशिक्षित बचावकर्मीही थांबतात. गुडघाभर, म्हणजे अर्धा मीटर पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने, हा चालण्याइतकाच वेग, मुलाला पाडायला पुरतो. उघडं चेंबर आणि खचलेला रस्ता गढूळ पाण्यात दिसत नाही, तो धोका वेगळाच.

गाडीचं गणित याहून वाईट. लहान गाडीचं वजन साधारण एक टन आणि तळाचं क्षेत्र सहा चौरस मीटरच्या आसपास. पाणी तळाच्या वर दर १० सेंटिमीटरला ६०० किलोने गाडी उचलतं. म्हणजे तळाच्या वर १५-१७ सेंटिमीटर, रस्त्यापासून फूटभराच्या वर पाणी झालं की चाकांची पकड जाते.

पाणी ओसरलं. आता सगळ्यात आधी काय?

मुख्य स्विच बंद आहे याची खात्री, मग फोटो, मग गाळ. गाळ ओला असतानाच काढा. वाळला की तो खरवडावा लागतो. जनरेटर किंवा पेट्रोलवरचा पंप घरात चालवू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय मारतो.

तळघर एका दमात उपसायची घाई करू नका. बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असते. आतलं पाणी काढलं की बाहेरचा दाब भिंत आत ढकलतो किंवा फरशी उचलतो. पहिल्या दिवशी फूटभर उतरवा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पातळी पुन्हा वर आली असेल तर अजून लवकर आहे. तशीच राहिली असेल तर त्यानंतर दिवसाला दोन-तीन फूट.

वाळवण्यात संयम लागतो. बुरशी एक-दोन दिवसांत धरू लागते, पण विटांची भिंत आतपर्यंत वाळायला जाडीच्या दर इंचाला महिनाभर लागतो असा ठोकताळा आहे. वर तेलरंग किंवा व्हिनाइलचा कागद असेल तर ओल आतच कोंडते, तो आधी सोलून काढा. लाकडातली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय त्यावर नवं काही ठोकू नका. रंग लवकर द्यायची घाई केली की तीन महिन्यांत फोड येतात आणि खर्च दुसऱ्यांदा होतो.

पिण्याचं पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, गाळा, मग क्लोरीन घाला. गढूळपणा क्लोरीन खाऊन टाकतो. चांगली ब्लीचिंग पावडर १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. ती बादलीत घोळून वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं. अर्ध्या तासानंतर चाचणीत लिटरला निदान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला दिसला पाहिजे, नाहीतर मात्रा वाढवा. उघड्यावर पडलेली जुनी पावडर नुसता चुना झालेली असते. आणि पाण्याला डिझेलचा किंवा कीटकनाशकाचा वास येत असेल तर क्लोरीन किंवा उकळणं, दोन्हींचा उपयोग नाही. ते पाणी सोडून द्या.

तज्ज्ञांचा अहवाल हातात आला. सामान्य माणसाने त्यात काय तपासायचं?

उंचीची माहिती कोणती वापरली. मोऱ्या मोकळ्या धरल्या की अर्ध्या बुजलेल्या, कारण बरेच अहवाल त्या लखलखीत स्वच्छ धरतात. प्रारूप कोणत्या खऱ्या पुराशी ताडलं. उपायाने खालच्या वस्तीत पाणी किती वाढतं. मर्यादेपलीकडचं पाणी कुठून जाईल, ते नकाशावर बाणाने दाखवलं आहे का. यांतलं एखादं जरी उत्तर अहवालात नसेल तर बैठकीत विचारा. अभियंता चांगला असेल तर त्याला राग येत नाही, उलट त्याची खुर्ची पुढे सरकते.

देखभाल कोणी करायची?

ज्याचं नाव लिहिलेलं आहे त्याने. ‘समिती करेल’ असं लिहिलं की कोणीच करत नाही. दर पावसाळ्याआधी एका दिवशी दाराच्या फळ्या प्रत्यक्ष बसवून बघा, घड्याळ लावून. पहिल्या वेळी अर्धा तास जातो. रबरी पट्टी कडक होऊन भेगाळलेली निघते, एक खिटी हरवलेली असते, उजवी फळी डाव्या बाजूला बसत नाही. फळ्यांवर मागच्या बाजूने ऑइलपेंटने क्रमांक घाला, खिट्या त्याच फळीला साखळीने बांधा, जास्तीच्या दोन ठेवा. फळ्या तळघरात ठेवू नका. पंप दहा मिनिटं पाण्यात चालवा, बॅटरी तपासा. झडपेचं झाकण उघडा. भोंग्याच्या खोलीची एक किल्ली आणखी एका घरात द्या, आणि त्या घरातल्या माणसाला ती कुठे लावायची ते दाखवून या.